घामाचे दाम : रास्त भावाचा प्रश्न आणि शरद जोशींचा शेतकरीविचार

एखाद्या वस्तूची किंमत जास्त आहे की कमी, हे बाजार सांगू शकतो. ती न्याय्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी मात्र बाजाराबाहेरचा एखादा निकष हाती असावा लागतो, आणि तो निकष कोठून आणायचा हा नीतिशास्त्रातील फार जुना प्रश्न आहे. शेतकऱ्यांच्या चळवळी भाव, कर्ज, लेव्ही, वीजबिल अशा रोकड्या मागण्यांवर उभ्या राहतात, त्यामुळे त्यांचा अभ्यास बहुधा अर्थशास्त्राच्या किंवा निवडणुकीच्या राजकारणाच्या अंगाने होतो आणि त्यांच्या मुळाशी असलेला नैतिक दावा तपासायचा राहून जातो. 'आमचा तोटा झाला' असे म्हणणारा शेतकरी पावसाला, किडीला किंवा नशिबाला बोल लावत असतो; 'आमची लूट झाली' असे तोच शेतकरी म्हणू लागतो, तेव्हा त्याने कोणाच्या तरी कृतीकडे बोट दाखवलेले असते, कोणता तरी हक्क मोडला गेल्याचा निर्णय दिलेला असतो आणि भरपाईची जबाबदारीही सुचवलेली असते. १९७९ साली स्थापन झालेल्या शेतकरी संघटनेने महाराष्ट्रातील लक्षावधी शेतकऱ्यांना पहिल्या वाक्याकडून दुसऱ्या वाक्याकडे नेले, हे तिचे सर्वांत मोठे कार्य म्हणावे लागेल. तिचे नेते शरद जोशी (१९३५–२०१५) हे नंतरच्या काळात खुल्या अर्थव्यवस्थेचे कट्टर पुरस्कर्ते म्हणून ओळखले गेले. न्याय्य किंमत कशाने ठरते, या प्रश्नाला त्यांच्या विचारात दोन भिन्न उत्तरे आढळतात, आणि त्या दोहोंमधील ताण त्यांनी जितका सुटला असे मानले तितका तो सुटलेला नाही.

या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. भारतीय परंपरेत किमतीपेक्षा राजाच्या वाट्याची चर्चा अधिक झाली. उत्पन्नाचा सहावा भाग ही राजाची मर्यादा धर्मशास्त्रांनी सांगितली, आणि महाभारताच्या शांतिपर्वात करवसुलीसाठी भुंग्याचा दाखला आला, कारण तो फुलाला इजा न करता मध घेतो. कौटिलीय अर्थशास्त्राने व्यापाऱ्याच्या नफ्यालाही सीमा घातली. देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० एवढाच नफा त्याने मान्य केला. युरोपात तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने वस्तूच्या योग्य मोलापेक्षा अधिक घेणे किंवा कमी देणे हे पाप ठरवले, परंतु ते मोल कोणी व कसे ठरवायचे हा प्रश्न त्याच्या अनुयायांना छळत राहिला. सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका येथील धर्मशास्त्र्यांनी त्याला दिलेले उत्तर आजही ताजे वाटते : जेथे फसवणूक नाही, बळजबरी नाही आणि कोणाची मक्तेदारी नाही, तेथे लोकांच्या सामाईक अंदाजाने ठरणारी किंमत हीच न्याय्य किंमत होय. या उत्तरात न्यायाचा निकष वस्तूतून किंवा श्रमातून निघून व्यवहाराच्या रीतीत आला. किंमत किती आहे यापेक्षा ती कशी ठरली, हे महत्त्वाचे झाले. शरद जोशींना या धर्मशास्त्र्यांचा आधार घ्यावा लागला नाही, तरी त्यांच्या विचाराचा प्रवास जवळजवळ याच दिशेने झाला.

साताऱ्यात जन्मलेले आणि मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात वाणिज्य शिकलेले जोशी भारतीय टपाल सेवेत अधिकारी होते आणि पुढे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघाच्या कार्यालयात त्यांनी नोकरी केली. ती सोडून १९७७ साली ते परतले आणि पुणे जिल्ह्यात चाकणजवळच्या आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करू लागले. भारतातील दारिद्र्याचे मूळ शेतीत आहे एवढे अनुमान घेऊन ते आले होते. ते शेतीच्या कमी उत्पादकतेत आहे की शेतीमालाच्या भावात, याचा निकाल त्यांनी जमाखर्चाच्या वहीवर लावला. पीक चांगले आले तरी खर्च भरून निघत नाही, किंबहुना पीक भरघोस आले की भाव कोसळून नुकसान अधिक होते, हा अनुभव प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात होता. तो अपघात नसून धोरणाचा परिणाम आहे, असे जोशींनी मांडले. ज्वारी, तांदूळ आणि साखर यांच्यावरील लेव्ही, म्हणजे ठरावीक हिस्सा बाजारापेक्षा कमी दराने सरकारला देण्याची सक्ती. ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालायला लावणारी झोनबंदी. १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी, जिच्यामुळे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला आपला कापूस राज्याबाहेर नेणे गुन्हा ठरत होते. आणि कांद्याचे भाव जरा वर सरकताच लादली जाणारी निर्यातबंदी, ही त्या धोरणाची हत्यारे होती. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा त्यांच्या पाठीशी होता.

या निदानामागे एक व्यापक सिद्धांत उभा होता. दाणा पेरला की त्याचे अनेक दाणे होतात. निसर्गाच्या या गुणाकारातून जी बचत निर्माण होते ती केवळ शेतीतच निर्माण होते आणि मानवी इतिहास हा मुख्यतः ती बचत कोणी कशी लुटली याचा इतिहास आहे, असे जोशी सांगत. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये केने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेती हेच खऱ्या संपत्तीचे एकमेव उगमस्थान मानले होते. विसाव्या शतकात रोझा लुक्झेंबर्गने भांडवलशाहीला आपल्या बाहेरच्या वसाहतींची गरज सतत लागते असे दाखवले, तर सोव्हिएत रशियात प्रेओब्राझेन्स्कीने उद्योग उभारण्यासाठी शेतकऱ्याकडून विषम विनिमयाने भांडवल काढून घ्यावे असे उघडपणे सुचवले. जोशींनी या मार्क्सवादी विश्लेषणाचा उपयोग मार्क्सवाद्यांच्याच विरोधात केला. गोरा इंग्रज गेल्यानंतर ग्रामीण भाग हीच देशांतर्गत वसाहत झाली, हा त्यांच्या 'इंडिया विरुद्ध भारत' या मांडणीचा गाभा होता. महात्मा फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सरकारी कामगार आणि भटशाही यांची युती शेतकऱ्याला कशी नागवते हे लिहिले होते. जोशींनी त्या ग्रंथाला शंभर वर्षांनी मुजरा केला, पण फुल्यांच्या विवेचनात जे स्थान धर्मसत्तेला आणि जातीला होते ते त्यांनी राज्यसंस्थेला दिले. या बदलाची किंमत मोठी होती.

संघटनेची 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा या नैतिक मांडणीचा सार होती, आणि तिचे सर्वांत धारदार रूप कर्जाच्या प्रश्नात दिसते. कर्जाला सर्व संस्कृतींमध्ये नैतिक वजन असते. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण यांची कल्पना मनुष्याच्या जन्मालाच चिकटलेली आहे, आणि घेतलेले पैसे न फेडणाऱ्याची मान समाजात खाली जाते. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे दंगा उसळला तेव्हा दख्खनच्या शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या खतांवर, म्हणजे कर्जाच्या कागदांवर होता. ते कागद जाळणे हा जणू एक शुद्धिविधी होता. दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडणाऱ्या तुकाराम महाराजांची कथा मराठी मनाला आजही हलवते. त्या कृतीत धनकोने ऋणकोला मोकळे केले होते आणि स्वतःलाही. शेतकरी संघटनेचा युक्तिवाद मात्र करुणेचा नव्हता. ज्या सरकारने भाव पाडून शेतकऱ्याचे उत्पन्न काढून घेतले, त्याच सरकारच्या बँकांनी त्याला तूट भरायला पैसे दिले, तर ते कर्ज मुळातच अनैतिक आहे, असा तो युक्तिवाद होता. म्हणूनच संघटना कर्जमाफी हा शब्द टाळून कर्जमुक्ती मागत राहिली, कारण माफी अपराध्याला मिळते आणि शेतकऱ्याने अपराध केलेला नाही. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाला सूट दिली, आणि त्याच काळात जोशी केंद्राच्या कृषी सल्लागार समितीचे अध्यक्ष होते. परंतु पुढील प्रत्येक सरकारने ही सूट दानासारखी वाटली आणि मूळ युक्तिवादातील अभिमान त्या वाटपात हरवून गेला. कर्जामुळे आत्महत्या करणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात जी शरम असते, ती अनाठायी आहे हे त्याला पटवून देणारी दुसरी कोणतीही विचारधारा त्या काळात महाराष्ट्रात नव्हती, हे येथे ठामपणे नोंदवले पाहिजे.

शेतकऱ्याच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या लोकचळवळी राज्यसंस्थेकडे नेहमी अशा संशयाने पाहतात असे नाही, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून कळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुवर्णमानामुळे, म्हणजे चलन सोन्याच्या साठ्याशी बांधल्यामुळे, तेथे पैसा दुर्मिळ झाला, गहू आणि कापूस यांचे भाव वर्षानुवर्षे घसरले आणि कर्जदार शेतकऱ्याचे देणे पैशांत तेवढेच राहून धान्यात मोजल्यास वाढत गेले. ४ जुलै १८९२ रोजी ओमाहा येथे पीपल्स पार्टीने जो जाहीरनामा स्वीकारला त्यात रेल्वेचे राष्ट्रीयीकरण, चढत्या दराचा प्राप्तिकर, चांदीचे मुक्त नाणे आणि सरकारी गोदामात माल ठेवून त्यावर स्वस्त कर्ज देणारी योजना या मागण्या होत्या. १८९३ साली ब्रिटिश सरकारने भारतातील टांकसाळी चांदीच्या मुक्त नाण्यांसाठी बंद केल्या आणि त्याने चांदीचा भाव आणखी कोसळला, त्यामुळे नेब्रास्कातील शेतकऱ्याच्या लढ्याशी हिंदुस्थानच्या रुपयाचाही धागा जुळलेला होता. १८९६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागो येथील अधिवेशनात विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी सोन्याच्या क्रुसावर मानवजातीला खिळू नका अशा आशयाचे भाषण केले, तेव्हा त्यांनी चलनाच्या धोरणाला थेट ख्रिस्ताच्या बलिदानाच्या भाषेत बसवले. ब्रायन यांच्या दृष्टीने धर्मश्रद्धा आणि आर्थिक सुधारणा ही एकच गोष्ट होती. उतारवयात त्यांनी उत्क्रांतिवादाला जो विरोध केला त्यामागेही, बलवानांनी दुर्बलांना गिळावे हा निसर्गनियम ठरला तर श्रीमंतांच्या क्रौर्याला तत्त्वज्ञान मिळेल, ही भीती होती. त्यांच्या लेखी राज्य हे लोकांच्या हाती आलेले नीतीचे साधन होते, कारण लुटारू रेल्वे कंपन्या आणि बँका होत्या. जोशींच्या लेखी तेच राज्य लुटारू होते. दोघांमधील फरक स्वभावापेक्षा परिस्थितीत अधिक आहे, आणि म्हणूनच लूट नेमकी कोण करतो याचा शोध प्रत्येक देशात, प्रत्येक पिकात नव्याने घ्यावा लागतो.

भारतातही सगळे शेतकरी नेते एका वाटेने गेले नाहीत. चौधरी चरण सिंह यांच्यावर आर्यसमाजाचा आणि गांधीजींचा प्रभाव होता, आणि स्वतःची जमीन स्वतः कसणारा लहान शेतकरी हा त्यांच्या दृष्टीने आर्थिक घटक असण्याइतकाच नैतिक आदर्श होता. १९५९ च्या नागपूर काँग्रेसमधील सहकारी शेतीच्या ठरावाला त्यांनी नेहरूंसमोर विरोध केला तो याच भूमिकेतून. महेंद्रसिंह टिकैत यांचे बळ बालियान खापेच्या चौधरीपदात, म्हणजे जातपंचायतीच्या वारशात होते, आणि त्यांच्या सभांत 'हर हर महादेव' व 'अल्लाहू अकबर' या दोन्ही घोषणा एकामागोमाग दिल्या जात. जोशींच्या चळवळीने असा कोणताही धार्मिक किंवा जातीय आधार घेतला नाही. छातीवरचा लाल बिल्ला एवढीच तिची खूण होती, आणि बळीराजाची लोकस्मृती तिने घेतली ती फुल्यांच्या वाटेने, पुराणातील पराभूत राजाला शेतकऱ्याच्या हरवलेल्या सत्तेचे रूप देऊन. २ ऑक्टोबर १९८९ रोजी दिल्लीच्या बोट क्लबवर टिकैत आणि जोशी यांच्यात झालेली फूट ही या दोन पद्धतींतील फूट होती.

१९९१ च्या डिसेंबरमध्ये जागतिक व्यापाराचा डंकेल मसुदा आला आणि जोशींच्या विचारातील दोन उत्तरांचा, म्हणजे उत्पादनखर्चावर आधारित भाव आणि मोकळ्या व्यवहारातून ठरणारा भाव यांचा, सामना उघड झाला. कर्नाटकात नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने त्या मसुद्याला शेतकऱ्याची नवी गुलामी म्हटले आणि १९९२ च्या अखेरीस बंगळूरमधील कारगिल कंपनीच्या कार्यालयावर हल्ला केला. जोशींनी मात्र त्याचे स्वागत केले. भारत सरकारने जागतिक व्यापार संघटनेला दिलेल्या हिशेबातच पिकांना मिळणारे आधारमूल्य उणे असल्याचे, म्हणजे शेतकऱ्याला मदतीऐवजी उलट कर बसत असल्याचे दिसते, हा त्यांचा हुकमी पुरावा होता. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष स्थापला, ज्याचे नाव राजाजींच्या स्वतंत्र पक्षाची आठवण देते. टीकाकारांनी याला विचारांतर म्हटले. कालपर्यंत उत्पादनखर्चावर आधारित भाव मागणारा नेता आज सरकारी भावच नको म्हणतो, हे त्यांना विश्वासघातासारखे वाटले.

हे विचारांतर होते काय? उत्पादनखर्च हा न्यायाचा अंतिम निकष मानला तर अडचणी संपत नाहीत. बागायतदाराचा खर्च वेगळा आणि कोरडवाहूचा वेगळा. कार्यक्षम शेतकऱ्याचा वेगळा आणि आळशाचा वेगळा. शिवाय ज्या वस्तूची कोणालाच गरज नाही तिच्यावर कितीही घाम गाळला तरी तो घाम विकत घेण्याचे बंधन इतरांवर कसे येते, हा प्रश्न श्रमाला मोलाचे मूळ मानणाऱ्या प्रत्येक सिद्धांतापुढे उभा राहतो. पण त्या मागणीचा अर्थ दुसऱ्या रीतीनेही लावता येतो. खर्चापेक्षा भाव कमी आहे ही गोष्ट चोरीचा पुरावा होती, चोरी मोजण्याचे माप होती. न्याय मात्र व्यवहारातील सक्ती दूर होण्यात होता. या वाचनानुसार जोशींचे दुसरे उत्तर पहिल्याच्या पोटात आरंभापासून होते, आणि त्यांच्या उत्तरकाळातील लेखनात विकासाची जी व्याख्या येते, की माणसाला निवडीच्या संधी जितक्या अधिक व जितक्या व्यापक तितका तो विकसित, तिच्याशीही ते जुळते. तात्त्विक पातळीवर हे वाचन पटण्यासारखे आहे. चळवळीत उतरलेल्या माणसांच्या पातळीवर मात्र ते अपुरे पडते, कारण रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्याला घामाचे दाम मिळतील असे वचन दिले गेले होते, निवडीचे स्वातंत्र्य मिळेल असे नव्हे. या दोन वचनांमधील अंतर पुढे किती रुंदावले ते २०२० आणि २०२१ मध्ये दिसले : केंद्राच्या तीन कृषी कायद्यांविरुद्ध पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातील शेतकरी दिल्लीच्या सीमांवर हमीभावाचा कायदा मागत बसले होते, आणि जोशींचा वारसा सांगणारी महाराष्ट्रातील मंडळी त्या कायद्यांतील बाजारस्वातंत्र्याचे समर्थन करत होती.

शिवाय चळवळीच्याच इतिहासात एक प्रसंग असा आहे की ज्याची नीट दखल दुसऱ्या उत्तराने घेतली नाही. १९८१ च्या वसंतात निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्गावर दीर्घ ठिय्या दिला. त्यांचा माल सरकार लुटत नव्हते. गावातील मूठभर व्यापारी तो नासेपर्यंत ताटकळत ठेवून पडेल भावाने उचलत होते. अखेरीस पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी मारले गेले, त्यामुळे राज्याचा हात येथेही रक्ताने माखला; परंतु मूळ अन्याय खासगी मक्तेदारीचा होता. सालामांकाच्या धर्मशास्त्र्यांनी बळजबरीच्या शेजारीच मक्तेदारीचे नाव का घेतले होते ते निपाणीवरून कळते. ज्याला माल साठवता येत नाही, ज्याच्या दारी सावकार उभा आहे आणि ज्याच्यासमोर एकच गिऱ्हाईक आहे, त्याचा होकार हा कायद्याने होकार असला तरी नीतीच्या दृष्टीने तो अर्धाच असतो. बाजार मोकळा करा या मागणीत खरेदीदारांची संख्या वाढेल हे गृहीत आहे. ती वाढेलच असे नाही, आणि न वाढल्यास काय, याचे उत्तर स्वातंत्र्याच्या तत्त्वाबाहेर शोधावे लागते.

त्याहून कठीण प्रश्न संपत्तीचा आहे. स्वेच्छेच्या व्यवहारातून निघणारी किंमत न्याय्य, असे म्हणताना व्यवहाराला बसलेल्या दोघांकडे जे आहे ते त्यांच्याकडे न्यायाने आले आहे, असे धरलेले असते. अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक, ज्यांना स्वातंत्र्यवादाचे मोठे भाष्यकार मानतात, त्यांनीही हे मान्य केले होते आणि पूर्वीचे अन्याय दुरुस्त करण्याचे एक स्वतंत्र तत्त्व आपल्या सिद्धांतात ठेवले होते. जोशींनी सरकारने शेतकऱ्यावर केलेल्या अन्यायाच्या दुरुस्तीची मागणी केली. परंतु गावातल्या जमिनीची वाटणी कशी झाली, हा प्रश्न त्यांनी शेतमजुराच्या बाबतीत कधी तितक्या तीव्रतेने विचारला नाही. भाव वाढला की मजुरी वाढेल, हे त्यांचे उत्तर होते, आणि उत्पादनखर्च मोजताना मजुरी योग्य दराने धरावी असेही ते सांगत. महाराष्ट्रात दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले होते, आणि डॉ. आंबेडकरांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या आपल्या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातपात न पाहता सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी असे सुचवले होते. राज्याच्या मालकीचा तो उपाय जोशींना पटणे शक्य नव्हते, आणि विसाव्या शतकातील सामुदायिक शेतीचे अनुभव पाहता त्यांचा संशय योग्यच होता. तथापि आंबेडकरांचा प्रश्न उपायाबरोबर नाहीसा होत नाही : ज्याच्या पूर्वजांना जमीन बाळगण्याची मुभाच नव्हती त्याच्यासाठी मोकळ्या बाजारातील समान संधीचा अर्थ काय? फुल्यांच्या विवेचनातून जात वगळल्याची किंमत येथे मोजावी लागली.

आणि तरीही याच नेत्याने संपत्तीचा प्रश्न एका बाजूने असा उघडला की भारतातील दुसऱ्या कोणत्याही शेतकरी चळवळीने तसे केले नाही. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये चांदवड येथे शेतकरी महिलांचे जे विराट अधिवेशन भरले, त्यात शेतात सर्वाधिक राबणारी बाई कोणत्याच हिशेबात येत नाही ही गोष्ट शेतकऱ्यांसमोर मांडली गेली. घामाचे दाम मागणाऱ्या पुरुषाने घरात त्याच घामाचे दाम बुडवलेले आहेत, हे या मांडणीतून अपरिहार्यपणे निघत होते, आणि ते सांगण्याचे धैर्य जोशींनी दाखवले. पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला : गावातील शंभर शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही हिस्सा पत्नीच्या नावावर केला की ते गाव लक्ष्मीमुक्तीचे गाव ठरे. अनेक गावांत नवऱ्यांनी सातबाऱ्यावर बायकांची नावे लावली, आणि महसूल विभागानेही पुढे याच नावाची योजना आणली. यवतमाळ जिल्ह्यातील रावेरी येथे सीतेचे जे मंदिर आहे, ज्यात राम नाही, त्याच्या जीर्णोद्धारासाठी जोशींनी घेतलेला पुढाकार याच विचाराचा भाग होता. टाकलेली, गरोदर सीता या गावात आली, तिने मूठभर गहू मागितले, गावाने ते नाकारले आणि तिच्या शापाने तेथे गहू पिकेनासा झाला, अशी तेथील लोककथा आहे. धर्मकथांकडे एरवी संशयाने पाहणाऱ्या या बुद्धिवादी नेत्याने त्या कथेत निराधार केलेल्या स्त्रीचा संपत्तीवरील हक्क वाचला, आणि तो वाचून दाखवण्यासाठी शेतकऱ्यांना तेथे बोलावले. गेल ऑम्वेट यांच्यासारख्या डाव्या परंपरेतून आलेल्या विदुषीने इतर डाव्यांचा रोष पत्करून संघटनेची बाजू घेतली त्याचे एक मोठे कारण चांदवड हे होते.

लक्ष्मीमुक्तीने जोशींच्या तत्त्वज्ञानाचा जो भाग उजेडात आणला तो त्यांच्या बाजारविषयक लेखनात क्वचितच तितका स्पष्ट दिसतो. ज्या बाईच्या नावावर काही नाही तिला निवडीचे स्वातंत्र्य आहे असे म्हणणे पोकळ आहे, हे येथे त्यांनी मान्य केले. म्हणजे संपत्ती ही स्वातंत्र्याची पूर्वअट ठरली. मात्र ती संपत्ती तिला मिळाली ती नवऱ्याच्या सद्बुद्धीने, चळवळीच्या दबावाने आणि गावाच्या अभिमानाने. जोशींना यातील ऐच्छिकताच मोलाची वाटत होती, कारण कायद्याच्या सक्तीने आलेली समानता राज्याचाच हात बळकट करते असे ते मानत. २०१० च्या मार्चमध्ये राज्यसभेने महिला आरक्षणाचे विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी संमत केले तेव्हा विरोधातील ते एकटे मत त्यांचे होते, आणि ज्याने चांदवडला बायकांना पंचायती लढवण्याची हाक दिली होती त्याने हे मत दिले याचे कारण राखीव जागांची फिरती सोडत त्यांना मान्य नव्हती. ही सुसंगती आदरास पात्र आहे. पण लक्ष्मीमुक्ती पत्नीपर्यंत पोचली आणि मुलीपाशी थांबली. शेतकऱ्याच्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत भावाइतका जन्मसिद्ध वाटा मिळाला तो महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने, म्हणजे ज्या राज्यसंस्थेवर जोशींनी आयुष्यभर लुटीचा आरोप ठेवला तिच्याच कायद्याने. आणि तो वाटा बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊन परत काढून घेण्याची रीत मराठी मुलखातील तलाठी कार्यालयांत अजून चालू आहे, जिथे सही करणाऱ्या बाईवर सरकारची कोणतीही सक्ती नसते.